झोप मोजणारी पट्टी

मी पडल्या पडल्या झोपते, असा आमच्या घरात एक पक्का समज होता. ह्यांनी तो सगळ्या नातेवाइकांत पसरवून ठेवला होता. लग्नाकार्यात कुणी विचारलं, वहिनींची तब्येत कशी आहे, तर हे हसून सांगायचे, "हिला काय होतंय? उशीला डोकं टेकलं की संपलं. घर उचलून नेलं तरी हिला सकाळीच कळेल." लोक हसायचे, मीही हसायचे. खरं म्हणजे मी रात्र रात्र टक्क जागी असायचे, भिंतीकडे तोंड करून. आणि हे कुणाला, त्यातल्या त्यात ह्यांना, कळता कामा नये ही त्या दिवसांतली माझी सगळ्यात मोठी काळजी होती.

ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हापासूनची ही गोष्ट. हे अंबडला एका कारखान्यात आहेत, क्वालिटी विभागात. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे, आणि प्रत्येक भाग मापात आहे की नाही ते तपासणं हे ह्यांचं काम. एका दुपारी चहाच्या सुट्टीत तिथेच खाली बसले. बरोबरच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, स्टेंट बसवला, वेळेवर सगळं झालं. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या आहेतच, पण ह्यांना टेन्शन देऊ नका. आणि झोप पूर्ण होऊ द्या." जणू झोप मी किराणावाल्याकडून आणून देणार होते.

हे आधीपासूनच घोरायचे. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, या आवाजात आपलं कसं होणार, मग सवय झाली. पण दवाखान्यातून आल्यावर मी तो आवाज ऐकायला लागले. घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम बंद पडायचं. श्वासच नाही. मी अंधारात ताठ होऊन वाट बघायचे. मग पाण्यातून वर आल्यासारखा एक हबका, आणि घोरणं पुन्हा सुरू. पहिल्या वेळी मला वाटलं, संपलं. मी घाबरून कोपराने ढोसलं, तेव्हा हे कुशीवर वळले आणि श्वास चालू झाला. त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात बसलं की मी जागी राहते, मी ढोसते, म्हणून हा माणूस आहे. दिवसा मला कळायचं की हा वेडेपणा आहे. रात्री कळायचं नाही.

मग सांगितलं का नाही, असं कुणीही विचारेल. पहिल्या आठवड्यातच एकदा ह्यांना जाग आली, तर मी उठून बसलेली. मग हेही उठून बसले. "काय झालं? मला काही झालं का? तुला काही होतंय का?" स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून नाडी बघायला लागले. उजाडेपर्यंत आम्ही दोघं पलंगावर बसून होतो, रेल्वेची वाट बघत असल्यासारखे. शेवटी म्हणाले, "तू झोपलीस ना, तरच मला झोप लागते. तू जागी असलीस की मला वाटतं काहीतरी बिनसलंय." ऐकून मी मनाशी ठरवून टाकलं. दुसऱ्या रात्रीपासून मी झोपेचं सोंग घ्यायला लागले.

सोंग म्हणजे नुसते डोळे मिटणं नाही. श्वास हळू आत ओढायचा, जरा थांबायचं, आणि सोडताना घशातून किंचित आवाज येऊ द्यायचा. तोंड थोडं उघडं. मला ते लवकर जमलं. दिवे मालवले की हे विचारायचे, "झोपलीस का गं?" मी उत्तर द्यायचे नाही, फक्त तो श्वास चालू ठेवायचे. मग ह्यांचा एक सुस्कारा ऐकू यायचा आणि थोड्या वेळात घोरणं. माझ्या गप्प राहण्यावर ह्यांची झोप लागत होती, आता मी तोंड उघडणार कशी?

एकदा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "रात्री घोरतात का?" मी म्हटलं, "थोडे." पुढचं वाक्य जिभेवर आलंच होतं, तेवढ्यात हे बोलले, "हिला काय विचारताय डॉक्टर, ही तर डाराडूर असते." डॉक्टर हसले. श्वास मध्येच थांबतो असं मी म्हणाले असते तर पुढचा प्रश्न हाच, की तुम्हाला कसं कळतं, तुम्ही जाग्या असता का. मी वाक्य गिळलं. येताना मेडिकलमधून गोळ्या घेतल्या आणि घरी आलो.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिसरीचा वर्ग. पोरांना गणितं घालून दिली की माझे डोळे आपोआप मिटायचे. मधल्या सुट्टीत सगळ्या बाया डबे उघडायच्या आणि मी टेबलावर डोकं ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, बीपीची गोळी बदलली आहे. बीपी मला नव्हतंच. घरी मात्र मी चटपटीत असायचे, कारण झोप भरपूर झालेली बाई चटपटीत असायला पाहिजे.

इकडे ह्यांची तक्रार वाढत चालली होती. सकाळी उठलं की डोकं जड, कामावर जांभया, दुपारी माप घ्यायचा गेज हातात धरूनच डुलकी. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिच्याशी व्हिडिओवर बोलताना हे रोज हेच गाऱ्हाणं सांगायचे. एक दिवस तिच्याकडून कुरिअर आलं. आत कपाळाला बांधायची एक काळी पट्टी, आतल्या बाजूने चकचकीत टिकल्या बसवलेली. "पप्पा, ही मेंदूतल्या लहरी मोजते," तिने फोनवर समजावलं. "रात्री बांधून झोपा, सकाळी मोबाईलवर कळेल झोप कशी झाली. आणि ध्यानाला बसताना पण बांधा. मन शांत असलं की कानात पक्षी ऐकू येतात, भरकटलं की वारा."

आमच्याकडे रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते, आणि वंदनेनंतर हे ध्यानाला बसतात. तरुणपणी दहा दिवसांचं शिबिर करून आले, तेव्हापासूनची सवय. सिडकोतल्या आमच्या गल्लीत ह्यांचा त्यावरून जरा मानही आहे. तेव्हा ह्यांनी पट्टी बांधली ती अगदी खात्रीने. कानात यंत्रं घालून, मांडी घालून, डोळे मिटून बसले. मी शेजारी मेथी निवडत होते. बऱ्याच वेळाने डोळे उघडले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"किती पक्षी आले?" मी विचारलं.

"वारा," हे म्हणाले. "नुसता वारा. एवढी वर्षं बसतोय मी, आणि ही मला सांगते तुझं मन भरकटलंय."

"खरं बोलायची सवय असेल तिला," मी म्हटलं. जेवणापर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी दुपारी हे आत पडले होते. मला उगीच वाटलं, बघावं तरी. पट्टी बांधली, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. आधी मलाही वाराच. सोमवारचा डबा, शाळेचा पोषण आहार, गॅस संपत आलाय, हे सगळं डोक्यात. तेवढ्यात आतून ह्यांचं घोरणं सुरू झालं आणि माझं लक्ष सवयीने तिकडे गेलं. एक आत, एक बाहेर. एक आत, एक बाहेर. आणि कानात पक्षी बोलायला लागले. एक, मग दुसरा, मग झाडच्या झाड. शिबिरात आपल्या श्वासावर लक्ष ठेवायला शिकवतात. मी दुसऱ्याच्या श्वासावर ठेवायला शिकले होते, आणि पट्टीला त्यातला फरक कळत नव्हता. मध्येच घोरणं थांबलं तसा सोसाट्याचा वारा सुटला. मी पट्टी काढून फेकली आणि आत धावले. हे कुशीवर वळून व्यवस्थित झोपले होते.

मोबाईलवर ते पक्षी नोंदवले गेले होते. संध्याकाळी ह्यांनी ते बघितले आणि मुलीला फोन लावला. "तुझ्या आईला बघ, कधी बसत नाही आणि एवढे पक्षी." आवाजात कौतुक होतं आणि थोडी जळजळही. "मन साफ आहे तिचं. म्हणून तर पडल्या पडल्या झोपते." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला फार लाज वाटली.

मग ह्यांनी रात्री पट्टी बांधायला सुरुवात केली. पहिल्या सकाळी चहा घेताना मोबाईल माझ्यापुढे धरला. झोपेची रेघ दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसत होती. जरा खाली गेली की लगेच वर. "हे काहीतरीच," हे म्हणाले. "मी रात्रभर झोपलो होतो. एकदाही उठल्याचं आठवत नाही." मी चष्मा लावून बघितलं. रेघेखाली वेळा होत्या. गल्लीतली कुत्री भुंकली ती वेळ, दुधाची गाडी आली ती वेळ, आणि त्याच्या मागेपुढे जिथे जिथे मी ढोसलं होतं तिथे तिथे रेघ वर उडालेली. जे फक्त मला माहीत होतं ते त्या पट्टीलाही माहीत होतं. इतके दिवस मी एकटी ऐकत होते, आता आणखी एक जण होतं. मला रडू आलं म्हणून मी चहाची भांडी घेऊन आत गेले.

मुलगी म्हणाली, "पप्पा, हे डॉक्टरांना दाखवा." माझ्याही मनात तेच. मला काही बोलावं लागणार नव्हतं, पट्टीच बोलणार होती. पण हे पडले क्वालिटीतले. हे म्हणाले, "आधी गेज तपासू. मग रिपोर्टवर विश्वास."

ह्यांच्या कामाची ही रीत मला लग्नापासून पाठ आहे. रोज सकाळी शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम, मापाचं हत्यार मास्टर पीसवर लावून बघायचं. मास्टर म्हणजे ज्याचं माप आधीच पक्कं माहीत आहे असा तुकडा. तो फडक्यात गुंडाळून डबीत ठेवतात, कुणाला हात लावू देत नाहीत. हत्याराने मास्टरचं माप बरोबर दाखवलं तर हत्यार चांगलं. चुकीचं दाखवलं तर हत्याराला लाल टॅग लावायचा आणि बाजूला ठेवायचं. मास्टरवर शंका घ्यायची नाही. घरात वजनकाटा आणला तेव्हाही ह्यांनी आधी किलोची साखरेची पुडी ठेवून बघितली होती, आणि मग मला उभं राहू दिलं होतं.

"झोपेचा मास्टर आपल्या घरातच आहे," हे म्हणाले. "आज तू बांध."

मी म्हटलं, "मला नको ते. आपल्या लग्नात मुंडावळ्यासुद्धा नव्हत्या, बौद्ध पद्धतीने पांढरी साडी नि एक हार. तेव्हा कपाळाला काही बांधलं नाही, आता पन्नाशी उलटल्यावर बांधू?"

"एका रात्रीचा प्रश्न आहे."

"माझं डोकं दुखतं."

"दुखायला तू जागी असशील तर ना," हे म्हणाले, आणि विषय संपला.

त्या दिवशी मी खरंच झोपायचा प्रयत्न केला. संध्याकाळचा चहा घेतला नाही. दुधात जायफळ उगाळून प्याले. पायाला तेल चोळलं. पट्टी बांधून, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडले, आणि ह्यांचा श्वास थांबायची वाट बघत बसले. थांबला. ढोसलं. चालू झाला. मग म्हटलं, निदान हलायचं नाही. मी दगडासारखी पडून राहिले, सोंगाचा श्वास न चुकता चालू ठेवला. हे मला बघून फसतात तर पट्टीही फसेल, अशी माझी समजूत. पण पट्टी माझ्या पडून राहण्याकडे बघतच नव्हती.

सकाळी मी कढईत पोहे परतत होते आणि हे मागे टेबलाशी बसून मोबाईल बघत होते. आता विचारणार, रात्रभर जागी होतीस का. आता विचारणार, किती दिवस. मी गॅस बारीक केला आणि वळलेच नाही.

तर हे हसायला लागले. अगदी पोट धरून. स्टेंट बसवल्यापासून असे हसले नव्हते.

"बोगस आहे," हे म्हणाले. "अगं, ही म्हणते तू रात्रभर जागी होतीस. डोळ्याला डोळा लागला नाही म्हणे. मी स्वतः ऐकलंय तुला, लहान बाळासारखी झोपली होतीस. गेजच गेलाय." कामाच्या बॅगेत ह्यांच्या कायम चारदोन लाल टॅग पडलेले असतात. त्यातला एक काढला, पट्टीला सुतळीने बांधला आणि पट्टी कपाटावर टाकली. "म्हणजे माझाही रिपोर्ट खोटा. कशाला जायचं डॉक्टरकडे?" पोहे दोनदा घेतले आणि शीळ घालत कामावर गेले.

माझा जीव भांड्यात पडला. हे मी खोटं सांगणार नाही, पहिल्यांदा मला नुसतं बरं वाटलं. सुटले, वाचले, कळलं नाही. माझी बशी घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मी काय वाचवलं. पट्टी बरोबर होती. ती बरोबर आहे हे जगात एका माणसाला माहीत होतं आणि ते माणूस सोंग घेऊन पडलेलं होतं. माझं सोंग इतकं चांगलं वठलं की ह्यांनी खऱ्या रिपोर्टला लाल टॅग लावला. पोहे तसेच झाकून ठेवले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कपाटावरून तो टॅग खाली लोंबकळत होता आणि येता-जाता दिसत होता. रात्री श्वास थांबला की आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतोय असं वाटायचं. खरंच थांबायचा की मलाच वाटायचं, कुणास ठाऊक. हे आनंदात. मुलीला सांगितलं, तुझी पट्टी फेल. ती बिचारी कंपनीला तक्रार करायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. रागही यायचा. पट्टीचा, ह्यांचा, त्या डॉक्टरांचा, माझा. वर्गात एका पोराने साधी वजाबाकी चुकवली तर मी त्याला इतकी ओरडले की सगळा वर्ग चिडीचूप झाला.

मग एका सकाळी शाळेत जाताना त्रिमूर्ती चौकात सिग्नलला मी स्कूटर थांबवली. थांबवली एवढं आठवतं. नंतर एकदम धक्का बसला तेव्हा डोळे उघडले. माझी गाडी पुढे सरकून समोरच्या रिक्षाला जाऊन टेकली होती. मागचे हॉर्न वाजवत होते. रिक्षावाला उतरून आला, भांडायलाच, पण माझ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "मावशी," तो म्हणाला, "तुम्ही झोपल्या होत्या. किती दिवस झोप नाही तुम्हाला?"

आमच्या घरात जे कुणाला कळलं नव्हतं ते त्याने एका नजरेत ओळखलं. मी गाडी कडेला घेतली आणि एका बंद टपरीच्या फळीवर बसले. मनात एकच आलं, मी इथे गाडीखाली गेले असते तर रात्री ह्यांना ढोसलं कुणी असतं? आणि मी का जागी होते हेही कुणाला कळलं नसतं. शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. रविवारी सांगायचं, हे तिथेच ठरवलं.

रविवारी सकाळी विहारातून वंदना करून आलो. हे मटार सोलायला बसले. मी स्टूल घेतलं, कपाटावरची पट्टी काढली, सुतळी सोडवली आणि टॅग ह्यांच्यापुढे ठेवला.

"हा काढा," मी म्हटलं. "पट्टी बरोबर आहे."

"कशावरून?"

"मास्टर खराब आहे."

ह्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मटाराचा दाणा तोंडात टाकून म्हणाले, "मास्टर कसा खराब असेल? मी रोज ऐकतो तुला."

"काय ऐकता?" मी म्हटलं. "हेच ना?" आणि खुर्चीवर बसून, डोळे सताड उघडे ठेवून, ह्यांच्याकडे बघत तो श्वास घेतला. हळू आत. थोडं थांबून. मग घशातला तो आवाज करत बाहेर.

मी पुन्हा एकदा तसाच घेतला. ह्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"दवाखान्यातून आलात तेव्हापासून."

मग मी सगळं सांगितलं. घोरणं थांबतं ते, हबका बसतो ते, माझं ढोसणं. सांगताना ह्यांच्या छातीकडे माझं लक्ष होतं, आणि जिभेखाली ठेवायची गोळी मी आधीच पदराच्या गाठीला बांधून ठेवली होती. ह्यांनी मोबाईल काढला, आपला तो जुना रिपोर्ट उघडला आणि एकेक वेळ विचारायला लागले, कारखान्यात विचारतात तसं, सरळ आवाजात. "दुधाची गाडी आली तेव्हा?" "तेव्हा दोनदा ढोसलं." "त्याच्या आधी?" "कुत्री भुंकत होती तेव्हा. तेव्हा फार वेळ थांबला होता." प्रत्येक वेळी रेघ आणि मी जुळत होतो. शेवटी ह्यांनी मोबाईल उलटा ठेवला.

"आता तो टॅग मला बांधा," मी म्हटलं. मला वाटलं, हसतील.

हे हसले नाहीत. उठून पाणी प्याले. पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मी लोकांना सांगत फिरलो." एवढंच. मग स्वतः दवाखान्यात फोन लावला.

पुढचं सोपं होतं. दवाखान्यात एक रात्र झोपवून तपासलं. झोपेत घसा बंद होतो, श्वास अडतो, म्हणून झोप तुटते, असं निघालं. नाकावर मुखवटा लावून झोपायचं यंत्र दिलं. मी डॉक्टरांना विचारलं, मी ढोसलं नसतं तर? ते चांगले आहेत, मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले, "तुम्ही नसतं ढोसलं तरी श्वास घेतला असता त्यांनी. शरीर आपलं आपण जागं होतं." मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. हे शेजारी उभे, पाण्याची बाटली धरून. ह्यांना वाटलं मी सुटले म्हणून रडतेय. ते होतंच, पण माझ्या त्या सगळ्या रात्री डॉक्टरांनी एका वाक्यात पुसून टाकल्या होत्या.

यंत्र लावल्यापासून ह्यांचं घोरणं गेलं. एकसारखा बारीक आवाज येत राहतो, पंख्यासारखा. मध्ये थांबत नाही, हबका नाही. सकाळी हे टवटवीत उठतात. आणि मी जागीच. आता ऐकायला काही नाही तरी कान तिकडेच. सोंग मात्र घेत नाही, तेवढं कबूल केलंय. हे विचारतात, "झोपलीस का?" मी म्हणते, "नाही." मग हे मुखवटा चढवतात आणि मी भिंतीकडे वळते.

परवा माझ्या शाळेला सुट्टी होती. दुपारी दार वाजलं, बघते तर हे. हातात डबा तसाच भरलेला. ह्यांनी नोकरीत कधी हाफ डे टाकला नव्हता, दुखलं तेव्हासुद्धा उचलून न्यावं लागलं होतं. मी पदराची गाठ चाचपायला लागले.

"मला काही झालेलं नाही," हे म्हणाले. "तू पड. दिवसा उजेड आहे, मी जागा आहे. मी ऐकतो. तू झोप."

मी म्हटलं, असं कुणी झोपतं का. तरी पडले. ह्यांनी पडदा अर्धा ओढला, खुर्ची पलंगाजवळ घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी डोळे मिटले. मला वाटलं, हे कामावरून आलेत, जेवले नाहीत, आपल्यासाठी बसलेत, लागायला पाहिजे बाई आता. थोडा वेळ गेला.

"हा तो श्वास आहे," हे हळूच म्हणाले. "तो नको."

माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी डोळे उघडले. हे माझ्याकडे बघत होते.

"येत नसेल तर येत नाही म्हण," हे म्हणाले. "मी बसलोय."

"येत नाही हो," मी म्हटलं.